रंगाखालचा पत्रा : १९७० सालच्या एका सी-१० पिकअपचं प्रकरण

आतेभावाचा फोन आला तेव्हा मार्च उजाडला होता आणि डेट्रॉइटच्या रस्त्यांवर अजून मीठ पडत होतं. "दादा, गाडी सापडली. सत्तर सालची शेव्हरोलेट सी-टेन. लाल-पांढरी, छोट्या हौद्याची. पूर्ण उघडून रिस्टोर केलीय म्हणतो. एकेचाळीस हजार डॉलर मागतोय. शनिवारी येशील का बघायला?"

मी येणार हे त्याला ठाऊक होतं. आमच्या दोघांच्याही शाळेच्या सुट्ट्या सांगलीत, आतोबांच्या गॅरेजमध्ये गेल्या. मॅटाडोरच्या फाळक्यावर बसून भडंग खायचं आणि हात काळे करून घरी जायचं, एवढाच तेव्हाचा कार्यक्रम. पुढे दोघंही मिशिगनला आलो. मी गाड्यांच्या कंपनीत, तो सॉफ्टवेअरमध्ये. पान्याची ओढ मात्र त्याचीच जास्त टिकली. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते. १९९५ पासून ती दरवर्षीची आहे. तिथे रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसायचं आणि सगळ्या सोडून पिकअपच बघायच्या, असं त्याचं कितीतरी वर्षं चाललं होतं. आता त्याला स्वतःची हवी होती, आणि नुसती जपून ठेवायला नको होती. तिच्यात आधुनिक इंजिन, चांगले ब्रेक आणि एसी बसवायचा होता, गाडी थोडी खाली, जमिनीजवळ घ्यायची होती.

म्हणजे प्रश्न असा : बदलायचीच असेल तर नव्यासारखी केलेली गाडी घ्यावी का? हा प्रश्न मला आणखीही काही जणांनी विचारलाय. त्या शनिवारपासून निर्णयापर्यंत आम्ही काय पाहिलं, काय मोजलं आणि कुठे अडलो, ते म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

आधी गाडीबद्दल. शेव्हरोलेटच्या १९६७ ते १९७२ या पिढीच्या पिकअप अमेरिकेत आज फार लाडक्या आहेत, आणि त्याला सबळ कारणं आहेत. सी म्हणजे मागच्या दोनच चाकांना ड्राइव्ह, के म्हणजे चारही चाकांना, आणि १० म्हणजे अर्ध्या टनाची, म्हणजे तेवढा माल नेणाऱ्या वर्गातली गाडी. त्या काळात बहुतेक पिकअपना मागे लोखंडी पट्ट्यांच्या थरांचे पाटे असायचे. या सी-१०ला मागेही कॉइल, म्हणजे वेटोळ्याच्या स्प्रिंग आहेत, आणि एक्सल पुढे ओढून धरणारे दोन लांब लोखंडी हात आहेत. ही रचना इतकी जमून आली की नॅसकारच्या शर्यतीच्या गाड्यांनी ती उचलली आणि अनेक दशकं वापरली. त्यामुळे सी-१० चालवायला मऊ लागते आणि खाली घ्यायला सोपी जाते. शिवाय तिचा जवळजवळ प्रत्येक पत्रा, प्रत्येक रबर आज नवीन बनवून मिळतो.

पण या सहा वर्षांच्या गाड्या एकसारख्या नाहीत, आणि बदल करणाऱ्याला हे फरक फार महाग पडतात. १९७०पर्यंत चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि अर्ध्या टनाच्या गाडीला सहा बोल्टची चाकं. १९७१पासून पुढे डिस्क ब्रेक कारखान्यातूनच येऊ लागले आणि चाकं पाच बोल्टची झाली. म्हणजे ७० सालच्या गाडीला ७१चे ब्रेक बसवले की पुढे पाच बोल्ट आणि मागे सहा, अशी विजोड जोडी होते. मग मागचे एक्सलही बदलायचे. सहा बोल्टचे डिस्क किट मिळतात, पण त्या मापाच्या चांगल्या चाकांची निवड फार थोडी. आणि १९७२पर्यंत सगळ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी कॅबच्या आत, सीटच्या मागे उभी असायची. बसणाऱ्याच्या पाठीला टेकून सत्तर-पंच्याहत्तर लिटर पेट्रोल. १९७३च्या नव्या पिढीत ती बाहेर गेली.

शनिवारी आम्ही तासभर गाडी चालवून त्या गावी पोचलो. विकणारा साठीतला, सभ्य माणूस. गॅरेजचं शटर वर गेलं आणि आतेभाऊ गप्पच झाला. गाडी खरंच सुंदर होती. दारं एका बोटाने लागत होती, काचांना ओरखडा नाही, हौद्यातल्या लाकडी पट्ट्या वॉर्निश केलेल्या, बॉनेटखाली ३५० घनइंचाचं व्ही-८ इंजिन, नारिंगी रंगवलेलं. टेबलावर जाडजूड फाईल होती : पावत्या, फोटो, सुट्या भागांची बिलं. मी ती फाईल आधी वाचायला घेतली. गाडीकडे आधी बघितलं की डोळे दिपतात, फाईलमध्ये काय नाही ते मग लक्षात येत नाही.

पावत्यांवरून खर्चाचे दोन मोठे ढीग दिसत होते. पत्रा आणि रंगकामाचे सुमारे १७,००० डॉलर. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, सायलेन्सर, ब्रेक, सस्पेन्शन, चाकं आणि टायर यांचे मिळून ११,०००च्या आसपास. उरलेलं सीट, वायरिंग, काचा, रबर. इथेच मी आतेभावाला बाजूला घेऊन म्हटलं, "हा दुसरा ढीग तू आल्याआल्या उतरवणार आहेस. नवं बांधलेलं इंजिन काढणार, नवे ड्रम काढणार, नवी चाकं काढणार. पैसे मात्र सगळ्याचे मोजणार."

तो म्हणाला, "मग पहिल्या ढिगासाठी घेऊ. रंगकाम कुणाकडून करून घ्यायचं तर वर्षभर थांबावं लागतं, आणि सतरा हजारांत आता कोण करतं?"

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला मोकळेपणाने सांगायला हवं. पत्र्याचं आणि रंगाचं काम हा जुन्या गाडीतला सगळ्यात वेळखाऊ आणि घरी न जमणारा भाग. इंजिन आपण दोन-चार शनिवारांत उतरवू, पण दारांच्या फटी एकसारख्या करणं हा आयुष्यभराच्या सरावाचा विषय आहे. दुसऱ्याने ते करून ठेवलं असेल आणि विकताना त्याचा पूर्ण मोबदला त्याला मिळत नसेल, तर घेणाऱ्याचा त्यात खरोखर फायदा असतो. तेव्हा आमच्यापुढचा खरा प्रश्न अगदी छोटा उरला : या रंगाखालचा पत्रा चांगला आहे का? तो चांगला असेल तर बाकीचं गणित जुळवता येईल.

आणि हेच बघणं रिस्टोर केलेल्या गाडीत सगळ्यात अवघड. गंजलेली गाडी आपला गंज दाखवते. रंगवलेली गाडी काहीच दाखवत नाही.

या गाड्या कुठे सडतात ते ठरलेलं आहे. कॅबचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी, पायाखालची फरशी, कॅब चेसिसवर जिथे बसते त्या पुढच्या बैठका, छताची पन्हळ आणि वायपरच्या खालची जाळी. या जाळीतून पानं-माती आत जाते, पाण्याची वाट बुजते आणि पत्रा आतून कुजतो. आमच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र होतं, कापडात गुंडाळलेलं चुंबक होतं आणि आतोबांनी शिकवलेली एक गोष्ट होती : बोटाच्या पेराने पत्रा वाजवत जायचं. कोरा पत्रा टणटणीत वाजतो. खाली पुट्टी असली की आवाज बसका होतो, भिजलेल्या लाकडासारखा.

कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर) असतो. नीट खरवडून पुन्हा रंगवलेला असेल तर २०० ते ३०० मिळतात. छतावर २२० आले, दारांवर २४०, बॉनेटवर २३०. फार चांगलं काम. डाव्या कोपऱ्यावर ३१०. उजव्या मागच्या कोपऱ्यावर यंत्राने १,८०० दाखवले आणि चुंबक धरेचना. दाराखालच्या उजव्या पट्टीवर ९००. मी तिथे पेर वाजवलं आणि आतेभावाने माझ्याकडे बघितलं. मोजायची गरजच नव्हती, आवाज त्यालाही कळला होता.

थोडी पुट्टी असणं हा गुन्हा नाही. पन्नास वर्षांच्या गाडीत ती कुठेतरी असणारच. पण जवळपास दोन मिलिमीटरचा थर, तोही नेमका सडणाऱ्या कोपऱ्यात, आणि फोटोंच्या फाईलमध्ये त्या बाजूचा एकही उघडा फोटो नाही. डाव्या कोपऱ्याचे तीन होते : कापलेला, नवा पत्रा लावलेला, वेल्डिंग घासलेला. उजवीकडचा एकच, रंगवून झाल्यानंतरचा.

मग आम्ही गाडीचा क्रमांक वाचला. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर छोटी पट्टी असते, तिच्यावर. सत्तर सालच्या गाडीत पहिलं अक्षर सी किंवा के. दुसरं अक्षर इंजिनाचं : ई म्हणजे व्ही-८, एस म्हणजे सरळ सहा सिलिंडर. पुढे १ म्हणजे अर्धा टन, ४ म्हणजे पिकअप, मग वर्षाचा आकडा, मग कारखान्याचं अक्षर. आमच्या समोरच्या पट्टीवर 'सी एस १ ४ ०' असं होतं आणि कारखान्याच्या जागी झेड. म्हणजे ही गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरच्या इंजिनासह निघाली होती. जाहिरातीत मात्र 'मूळ व्ही-८' असं लिहिलं होतं.

झेड म्हणजे कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट. शेव्हरोलेटची मालक कंपनी जनरल मोटर्सने तो कारखाना १९८२मध्ये बंद केला, १९८४पासून तिथे टोयोटासोबतच्या भागीदारीत गाड्या निघू लागल्या, आणि आज त्याच जागेत टेस्ला आहे. आतेभावाचा चेहरा उजळला : कॅलिफोर्नियाची गाडी, म्हणजे मीठ लागलेलं नसणार! मला त्याला थांबवावं लागलं. गाडी कुठे जन्मली ते हे अक्षर सांगतं, ती पन्नास हिवाळे कुठे राहिली ते सांगत नाही. ते उजव्या कोपऱ्याने सांगितलं होतंच.

मूळ व्ही-८ नसण्याने आम्हाला तसा काय फरक पडत होता? इंजिन तर काढायचंच होतं. फरक किमतीत होता. 'मूळ' या शब्दासाठी विकणारा पैसे मागत होता आणि आम्हाला त्या शब्दाचा शून्य उपयोग होता. तो शब्द खराही नव्हता. विकणाऱ्याला मी ते दाखवलं. तो मनापासून गोंधळला. त्याने गाडी अर्धवट अवस्थेत दुसऱ्याकडून घेतली होती आणि जे ऐकलं तेच पुढे सांगितलं होतं. मला तो खोटा वाटला नाही, आजही वाटत नाही.

शेवटी गाडीखाली शिरलो. चेसिसवर काळा जाड लेप होता, नवाकोरा. छोट्या हौद्याच्या गाडीला पुढच्या-मागच्या चाकांत ११५ इंच अंतर असतं, मोठ्या हौद्याच्या गाडीला १२७. छोट्या हौद्याला बाजारात बरीच जास्त किंमत येते, म्हणून मोठ्या गाडीची चेसिस मधून १२ इंच कापून, पुन्हा जोडून, मागचं शेपूट छाटून तिला छोटी करण्याचं काम सर्रास होतं. आम्ही टेप लावली, ११५ भरले. पण हात फिरवताना दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर, कॅबच्या मागे, समोरासमोर एकाच जागी लेपाखाली उंचवटा लागला. आणि कारखान्यात जिथे रिवेट असतात तिथे दोन ठिकाणी नटबोल्ट होते. गाडीबरोबर कारखान्यातून येणारा पर्यायांचा छापील कागद ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो, त्यावर चाकांमधलं अंतर लिहिलेलं असतं. या गाडीचं ते झाकण नवीन होतं. कागद नाही.

चांगलं वेल्डिंग केलेली चेसिस धोक्याचीच असते असं मी म्हणणार नाही. पण आम्हाला त्या चेसिसवर जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं होतं आणि मागून गाडी खाली घ्यायची होती. मागून चार-पाच इंच खाली घेतली की एक्सल चेसिसच्या दांडीला धडकतो, म्हणून त्या दांडीला वरच्या बाजूला जागा करून कापावं लागतं. आधीच एकदा कापलेल्या दांडीला दुसऱ्यांदा कापायचं, आणि पहिला जोड कुणी, कसा घातला ते लेपाखाली झाकलेलं. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. या गाडीत त्याची दोन लहान मुलं बसणार होती.

गाडी चालवूनही पाहिली. छान चालली. ब्रेक लावला की किंचित डावीकडे ओढायची, ड्रमचं समायोजन असेल. तीनच गिअर, हायवेवर इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा ओव्हरड्राइव्ह नाही, त्यामुळे हायवेवर सत्तर मैलांना इंजिन अगदी जिवाच्या आकांताने ओरडायचं. टायर नवेकोरे दिसत होते, पण बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचले तर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते दहा वर्षांपलीकडचे निघाले. रिस्टोर होऊन गाडी बराच काळ नुसती उभी होती तर.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही आकडे मांडले. आतेभावाच्या बेतात मुख्य खर्च इंजिनाचा. २००० सालाच्या आसपासच्या, शेव्हरोलेटच्याच सिल्व्हराडो पिकअपमधलं ५.३ लिटरचं व्ही-८, त्याच्याबरोबरचा चार गिअरचा ऑटोमॅटिक. भंगारात उतरवलेल्या गाड्यांतून हे इंजिन सहज मिळतं आणि खूप टिकतं, म्हणूनच जुन्या पिकअपमध्ये तेच सगळीकडे बसतं. पण इंजिन एकटं येत नाही. जुन्या कार्बोरेटरला पाच-सात पीएसआय दाब पुरायचा, याच्या इंजेक्टरना ५८च्या आसपास लागतो. म्हणून टाकीत विजेचा पंप, म्हणून नवी टाकी, आणि टाकी नवी करायचीच तर ती सीटमागून काढून हौद्याखाली चेसिसच्या दांड्यांमध्ये न्यायची. नवं वायरिंग, त्यासाठी कॅबच्या पुढच्या भिंतीला भोकं. एसीसाठी आणखी भोकं. इंजिनाच्या बैठका वेगळ्या, सायलेन्सरचे पाइप वेगळे, रेडिएटर मोठा.

इंजिन, गिअरबॉक्स आणि त्यांच्याबरोबरचं सगळं, स्वतः काम करून ९,०००. पुढचे डिस्क ब्रेक आणि पाच बोल्टचे एक्सल १,८००. गाडी खाली घेण्याचं सामान १,५००. एसी २,२००. टाकी ७००. चाकं-टायर २,४००. आणि इतकं कापल्या-जोडल्यावर बॉनेटखालचा व चेसिसवरचा रंग पुन्हा नीट करायला २,५००. बेरीज २०,१००. गाडीच्या किमतीसह ६१,१००.

या बेरजेतल्या शेवटच्या २,५००वर मी त्याच्याशी बराच वेळ बोललो. रंगासाठी म्हणून गाडी घ्यायची आणि पहिल्याच महिन्यात त्या रंगात ड्रिल घालायचं. नुसत्या पैशाचा हा प्रश्न नव्हता. त्याचा स्वभाव मला माहीत आहे. चकचकीत भिंतीला भोक पाडताना त्याचा हात थरथरेल, मग तो 'आत्ता नको' म्हणेल, आणि गाडी वर्षानुवर्षं अर्धवट बदललेली राहील. सुंदर रंग बदल करणाऱ्याला बांधून ठेवतो, हे मी दोन-तीन घरांत डोळ्यांनी पाहिलंय.

तिसरा पर्याय होता, कुणीतरी आधीच सगळं बसवलेली गाडी. तशी एक ५८,०००ला ओहायोत होती. पैशाच्या हिशेबात हाच पर्याय बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त, कारण बांधणाऱ्याला त्याने घातलेले पैसे क्वचितच परत मिळतात. ज्याला फक्त चालवायची आहे त्याने सरळ हाच घ्यावा. आतेभावाला मात्र बांधायची होती, त्यामुळे तो विषय पाच मिनिटांत संपला.

दुसऱ्या दिवशी आतोबांना व्हिडिओ कॉल केला. वय ७६, गॅरेज आता धाकटा भाऊ बघतो. फोटो बघून त्यांनी एकच विचारलं, "हौद्यात काय नेणार?" आतेभाऊ म्हणाला, "काही नाही हो बाबा, सायकली, माती, रोपं." "मग हौदा छोटा कशाला पाहिजे?"

खरंच, कशाला? दिसायला. छोट्या हौद्याची गाडी ठसठशीत दिसते, हे मलाही मान्य. पण त्या दिसण्यासाठी आम्ही कापलेल्या चेसिसचा विचार करत होतो, हे त्या प्रश्नानंतर दोघांच्याही लक्षात आलं. मोठ्या हौद्याच्या, न कापलेल्या, मूळ रंगाच्या गाड्या अजूनही बऱ्यापैकी भावात मिळत होत्या, कारण त्या कुणाला नकोच होत्या.

आतोबांनी आणखी एक विचारलं : ही गाडी कधी सांगलीला आणता येईल का? त्यांना नाही म्हणताना मला वाईट वाटलं. भारतात मूळ रचनेत असे बदल केलेल्या गाडीला जागा फार कमी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं की नोंदणीच्या वेळी निर्मात्याने दिलेली रचना बदलून गाडी चालवता येणार नाही. २०२१मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आले, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळतो, पण तिथेही अट हीच की गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. इथे मिशिगनमध्ये इंजिन बदलायला आडकाठी नाही. फक्त ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट घेतली तर वापरावर बंधन येतं : मेळावे, प्रदर्शनं, क्लबचे कार्यक्रम, आणि ऑगस्ट महिना मोकळा. त्याला दर रविवारी भाजी आणायला जायचं होतं, म्हणून साधी प्लेट आणि ठरलेल्या मूल्याचा विमा. साधा विमा जुन्या गाडीची किंमत झिजवूनच धरतो, त्यामुळे मूल्य आधी लेखी ठरवून घेणं अशा गाडीला आवश्यकच.

सोमवारी विकणाऱ्याला फोन केला. आम्ही २९,००० देऊ केले आणि का, ते सरळ सांगितलं : उजवा कोपरा, चेसिसचा जोड, सहा सिलिंडरचा क्रमांक. तो नाही म्हणाला, शांतपणे. त्याची बाजू मला समजत होती, पावत्याच त्याहून जास्त होत्या. तीन आठवड्यांनी ती जाहिरात निघून गेली. ज्याने घेतली तो तिला आहे तशी ठेवून उन्हाळ्यात फिरवणार असेल, तर त्याला अगदी योग्य गाडी मिळाली.

मे महिन्यात ॲरिझोनात एक सापडली. १९७१, मोठा हौदा, २५० घनइंचाचं सहा सिलिंडरचं मूळ इंजिन, पुढे कारखान्याचे डिस्क ब्रेक, पाच बोल्टची चाकं. उन्हाने हिरवा रंग पिठूळ झालेला, डॅशबोर्डला भेगा, सीटचा स्पंज बाहेर. १३,५०० डॉलर. फिनिक्सजवळ माझा कॉलेजातला मित्र राहतो, त्याला चुंबक घेऊन पाठवलं. त्याच्याकडे सकाळचे आठ, सांगलीत रात्रीचे साडेआठ. आतोबा जेवण आटोपून फोन कानाला लावून बसले आणि मित्र गाडीभोवती फिरत पत्रा वाजवत गेला. दारं, फरशी, पट्ट्या, कोपरे. आम्ही तिघं ऐकत होतो.

"उजवा मागचा कोपरा परत वाजव," आतोबा म्हणाले.

मित्राने वाजवला. माझ्या कानाला फरक कळला नाही. आतोबा म्हणाले, "तिथे ठिगळ आहे. छोटं आहे. बाकी गाडी कोरी आहे." ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला तो छापील कागद चिकटलेला होता, पिवळा पडलेला, त्यावर १२७ स्पष्ट. चेसिसवर लेप नव्हता, नुसती तांबूस धूळ, आणि सगळे रिवेट जागेवर.

१,४०० देऊन ती ट्रेलरवर आणली, म्हणजे १४,९००. तोच बेत तिच्यावर मांडला तर ब्रेकची दुरुस्ती ६०० आणि बाकीचं सामान १५,८००, एकूण ३१,३००. आतलं काम आणि झिजलेलं सुकाणू, रबर, वायरिंग धरून आणखी ६,०००. ३७,३००. रंग द्यायचा झाला तर इथला दर १६,०००, मग ५३,३००. लाल गाडीच्या ६१,१००पेक्षा कमी, पण मी त्याला हेही सांगितलं की लाल गाडी एका हिवाळ्यात तयार झाली असती आणि हिला दोन लागतील. ही गाडी सतरा फुटांहून लांब असल्याने त्याच्या गॅरेजात कामाचं टेबलही मावणार नव्हतं. ते बाहेर काढून त्याने छपराखाली लावलं.

पहिला उन्हाळा इंजिनाला हात लावायचा नाही असं ठरवलं. ब्रेकचे होस, टायर, पट्टे, पाण्याचे पाइप बदलले आणि त्याने ती पावणेदोन हजार मैल चालवली. सहा सिलिंडरचं इंजिन सावकाश आहे, पण कधी रस्त्यात थांबलं नाही. ५.३ लिटरचं इंजिन ऑक्टोबरात आणून स्टँडवर ठेवलं. रंगाबद्दल तो आता बोलत नाही. दारात ड्रिल घालताना त्याचा हात थरथरला नाही, हे मी बघितलं.

पहिलं खरं काम टाकीचं निघालं. त्याच्या बायकोला कॅबमधला पेट्रोलचा वास सहन होत नव्हता, आणि मुलांच्या पाठीमागे ती टाकी असणं आम्हा सगळ्यांनाच नको होतं. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी टाकी रिकामी केली, पट्टे सोडले, दोघांनी मिळून ती दारातून बाहेर काढली. तिच्यामागचा कॅबचा पत्रा पन्नासहून जास्त वर्षांनी उजेडात आला. मूळ हिरवा रंग तिथे अजून ताजा होता. उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढं, चौकोनी ठिगळ होतं. फोटो काढून सांगलीला पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं : "वेल्डिंग चांगलंय. ते राहू दे."